हिरव्या डब्यातले टोमॅटो

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, उजाडता उजाडता, घरातले सगळे झोपेत असताना मी माझ्या मुलीच्या परसातली टोमॅटोची दोन झाडं मुळासकट उपटली. आपण काही चोरून करतोय असं तेव्हा वाटलं नाही. उलट पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं. झाडं फळांसकट दुमडून बागकचऱ्याच्या हिरव्या डब्यात कोंबली, झाकण लावलं, साबणाने दोनदा हात धुतले, आणि उरलेल्या चार झाडांकडे न फिरकता घरात येऊन चहा टाकला. रोगट झाडाला लागलेले हात चांगल्या झाडाला लावायचे नाहीत, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याची मोजदाद नाही. तो नियम मी अमेरिकेतही पाळला, याचं माझं मलाच कौतुक वाटत होतं.

ती झाडं रोगट नव्हती.

मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून आमचं शेत सात किलोमीटरवर. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि शाळेच्या आधी, नंतर, सुट्टीत टोमॅटो केला. आमच्याकडे टोमॅटो ‘लावत’ नाहीत, ‘करतात’. रोपं आणा, मल्चिंग पसरा, ठिबक जोडा, बांबू रोवून तारा ओढा आणि मग सुतळीने एकेका झाडाची बांधणी करा. एवढं करून जे फळ हातात येतं त्याचा निकाल बाजारात दोन मिनिटांत लागतो. वीस किलोच्या कॅरेटमध्ये वरपासून खालपर्यंत एक रंग, एक आकार हवा. एखादा डागाळलेला वर दिसला, की व्यापारी तो दोन बोटांत उचलून आपल्या डोळ्यांसमोर धरतो. काही बोलत नाही. भाव मात्र तिथेच उतरतो. अशी पंचवीस-तीस वर्षं काढली, की माणसाचा डोळाही एकरंगी होतो. माझा झाला होता.

त्यात २०२० सालचा उन्हाळा. फेब्रुवारीत लागवड केलेली, माल ऐन तोड्याला आला आणि फळांना रंगच धड येईना. एकाच टोमॅटोवर लाल, पिवळा, हिरवट असे चट्टे. कापला तर आत काळपट, कडक. लोकांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हणायला सुरुवात केली. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण दोन आठवड्यांत संगमनेर, अकोल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले आणि निदान आलं, की हे विषाणू आहेत, तेही एकापेक्षा जास्त. मुख्य म्हणजे काकडीवर येणारा मोझॅक, जो माव्यातून पसरतो. जोडीला पांढरी माशी आणि फुलकिडे पसरवतात ते. निदान येईपर्यंत टाळेबंदीने बाजाराची अवस्था आधीच बिकट झाली होती. त्यातच एका वाहिनीने हा रोग माणसालाही घातक असल्याचं सूचित केलं. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे शास्त्रज्ञांना जाहीरपणे सांगावं लागलं. मी स्वतः गल्लीगल्लीत सांगत फिरलो. आमच्या चांगल्या वाफ्यातले, एकही चट्टा नसलेले टोमॅटो पुण्याला ताईकडे पाठवायला निघालो, तर ती फोनवर म्हणाली, “अरे, राहू दे यंदा.”

माझी सख्खी बहीण. मी तिला काय उत्तर दिलं ते पुढे सांगतो, कारण मला ते त्या जुलै महिन्यापर्यंत आठवतच नव्हतं.

तर आम्ही दोघं नवरा-बायको मे महिन्यात कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे गेलो. सहा महिन्यांचा मुक्काम. मुलीने परसात दोन लाकडी वाफे करून त्यांत सहा टोमॅटो लावले होते. चार साधे, लाल. दोन रोपं तिला ऑफिसातल्या कुणीतरी दिलेली. “ही वेगळी आहेत हं, आप्पा,” असं ती म्हणाली होती. नावंही सांगितली होती. मी हूं म्हटलं होतं. टोमॅटोबद्दल मला कुणी काही सांगावं आणि मी ते ऐकावं, अशी सवयच उरली नव्हती. तिने माझ्याकडून शिकावं हा क्रम ठरलेला.

मग एका संध्याकाळी पाणी घालताना दिसलं. एका झाडाचं फळ गडद लालसर, जांभळ्याकडे झुकणारं, आणि त्यावर हिरव्या चकचकीत रेघा. दुसऱ्यावरची फळं हिरवीच, पण त्यांच्या अंगावर पिवळट पट्टे फुटलेले. माझ्या पोटात गोळा आला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला फ्रीमाँट दिसत नव्हतं. आमच्या वरच्या पट्टीतली तिसरी सरी दिसत होती. रात्रभर डोळा लागला नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, “पोरीला विचारा ना सकाळी.” विचारायचं काय त्यात? आणि पहाटे मी उठलो.

मुलगी साडेसातला परसात गेली. परत आली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, “आप्पा, पानं बघितली होतीत का?”

हे वाक्य माझं आहे. तिसरीत असल्यापासून मी तिला शेतात नेत असे, आणि कुणी शेतकरी हातात फळ घेऊन ‘गुरुजी, काय झालं हो याला’ म्हणत आला, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे: आधी पान बघ, मग फळ. फळ सगळ्यात शेवटी बोलतं. मोझॅक आला तर शेंड्याकडची पानं अरुंद होतात, दोरीसारखी वळतात, पात्यावर फिकट-गडद ठिगळं दिसतात, झाड खुरटतं. शाळेत मी फळ्यावर अशी पानं काढलेली आहेत.

मी पानं बघितलीच नव्हती. रेघा बघितल्या आणि निकाल दिला.

ती बाहेर गेली, डबा आडवा केला, गवताच्या कातरणावर पडलेली झाडं ओढून काढली. मी दारात उभा. आता पानं बघायला कुणी मला सांगायची गरज नव्हती. पानं रुंद होती, काळोखी हिरवी, सकाळच्या उन्हात नुकती मलूल व्हायला लागलेली. एकही पान वळलेलं नव्हतं. अशी पानं आमच्या शेतात दिसली असती तर मी शेजाऱ्याला बोलावून दाखवली असती. आणि फळांवरच्या रेघा? रोगाचे चट्टे कसेही, कुठेही पसरतात, पाणी सांडल्यासारखे. या रेघा देठापाशी उगम पावून खाली टोकाकडे चालल्या होत्या, खरबुजाच्या सालीवर असतात तशा, प्रत्येक फळावर त्याच शिस्तीने. जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला मी हा फरक समजावून सांगितला असता. मला स्वतःला तो दिसला नाही, कारण मी बघायला थांबलो नाही. तीस वर्षांचा अनुभव मला बघण्यापासून वाचवत होता.

अकरा फळं वापरण्याजोगी निघाली. तिने ती नळाखाली धुतली, स्टीलच्या ताटात कापली, वर मीठ भुरभुरवलं आणि ताट टेबलावर ठेवून ऑफिसला निघून गेली. ‘खा’ म्हणाली नाही.

ते ताट मी बराच वेळ नुसतं बघत बसलो. हिरव्या टोमॅटोचे काप आतूनही हिरवेच, पण कच्च्या टोमॅटोचा तो दगडी हिरवा नव्हे. बियांभोवतीचा गर पाचूसारखा पारदर्शक. दुसऱ्याचे काप दाट तांबडे, आणि सालीलगत जांभळट कडा. शेवटी हिनेच आधी एक उचलला. मग मी. हिरवा आंबट होता, पण त्या आंबटपणाच्या मागून गोडी येत होती, आवळा खाऊन पाणी प्यावं तशी. तांबडा मात्र सरळ गोड, मांसल, थोडा धुरकट. मी आयुष्यात काही टन टोमॅटो बाजारात घातले असतील. असा टोमॅटो मी खाल्ला नव्हता, आणि पिकवला तर नव्हताच.

त्या रात्री ताईला दिलेलं उत्तर आठवलं. मी तिला म्हणालो होतो, “तुम्ही शहरातली माणसं डोळ्यांनी खाता की तोंडाने?” आणि रागाने फोन ठेवला होता. वर्षभर तिच्याशी धड बोललो नव्हतो. तिने निदान एका वाहिनीवर ऐकून, साथीच्या धास्तीत माझे टोमॅटो नको म्हटले होते. ती शास्त्र शिकलेली नव्हती. मी शिकवणारा. मला कुणी घाबरवलंही नव्हतं. पुरावा माझ्यासमोर उभा होता, सहा फूट उंच, आणि विचारायला माणूस बाजूच्या खोलीत झोपलेलं होतं. लोकांनी माझ्या मालाचा रंग पाहून तोंड फिरवलं म्हणून मी जो राग सांभाळून ठेवला होता, त्यातला कणभरही शहाणपणा माझ्या हाताशी पहाटे साडेपाचला नव्हता. ताईला तिथूनच फोन केला. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. हे जास्त लागलं.

त्यानंतर मी नावं विचारून घेतली. हिरवा होता तो ‘ग्रीन झेब्रा’. टॉम वॅगनर नावाच्या माणसाने तो तयार केला आणि १९८३ साली आपल्या बियाण्यांच्या यादीत आणला. कॅन्ससमधल्या शेतावर वाढलेला हा माणूस; पिकल्यावरही हिरवे राहणारे जुने वाण असत, पण त्यांची फळं तडकायची, ती तडकू नयेत म्हणून त्याने वर्षानुवर्षं संकर केले. पुढे बर्कलेच्या ‘शे पानीस’ या प्रसिद्ध हॉटेलात ॲलिस वॉटर्सच्या ताटांत तो दिसू लागला आणि लोकांना ठाऊक झाला. या फळात लाल रंग देणारं लायकोपीन जवळजवळ बनतच नाही आणि पिकलं तरी हरितद्रव्य पुरतं जात नाही. पट्टे दिसतात ते हे हरितद्रव्य कुठे कमी, कुठे जास्त साठल्यामुळे. दुसऱ्याचं नाव ‘पिंक बर्कले टाय-डाय’. कॅलिफोर्नियातल्याच ब्रॅड गेट्सने निवडून तयार केलेला. टाय-डाय म्हणजे काय, असं मी विचारल्यावर मुलगी म्हणाली, “आईची ती बांधणीची साडी आहे ना, तसं. कापड बांधून रंगवतात.” मी हसत सुटलो. उभं आयुष्य मी टोमॅटोची बांधणी केली, सुतळीने. हीही बांधणीच.

याच सुमारास वाचलेली एक गोष्ट मात्र मला अजून सोडत नाही. गावरान टोमॅटो बांधावर आपोआप उगवतात ना, त्यांचा देठाकडचा भाग पिकेपर्यंत गडद हिरवा असतो. त्याला आपण हिरवा खांदा म्हणू. बाजाराला तो नको असतो. पूर्ण फळ एका वेळी, एकसारखं रंगलेलं हवं. म्हणून सुमारे सत्तर वर्षं जगभरच्या पैदासकारांनी खांदा नसलेली, सपाट रंगाची झाडं निवडली. २०१२ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की ही निवड करताना एक जनुक निकामी झालेलं वाण पसरलं. फळातली हरितलवकं वाढवणं हे त्या जनुकाचं काम. ती हिरवी जागा फळात साखर तयार करायला हातभार लावत होती. एकसारख्या रंगाच्या हौसेपायी चव गेली. डेव्हिस फ्रीमाँटपासून गाडीने दीड-दोन तासांवर. ऑगस्टमध्ये आम्ही त्या बाजूला गेलो तेव्हा महामार्गावर केचपच्या कारखान्यांकडे निघालेले, दोन-दोन टपांचे ट्रक टोमॅटोने काठोकाठ भरून धावत होते. सगळे लाल. वळणावर सांडलेलेही लाल. जावई म्हणाला, “आप्पा, तुम्हाला घरच्यासारखं वाटत असेल.” वाटलंच. आणि जरा अवघडल्यासारखंही.

आता हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझी आजी माळकरी. ती जन्मभर टोमॅटो खायची नाही. का, तर तो लाल, कापला की रक्तामांसासारखा दिसतो म्हणून. त्या पिढीत असं मानणारी घरं बरीच होती. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा टोमॅटो केला तेव्हा तिने तो स्वयंपाकघरात येऊ दिला नव्हता. दोन पिढ्यांत आमच्या घराने मजल मारली ती एवढीच: आजी लाल आहे म्हणून खाईना, नातू लाल नाही म्हणून उपटून टाकतो. युरोपात टोमॅटो पोचला तेव्हा मत्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने १५४४ मध्ये त्याचं वर्णन केलं, ते सोनेरी फळ म्हणून. इटालियनमधल्या ‘पोमोदोरो’चा अर्थच मुळी सोन्याचं सफरचंद. म्हणजे लाल हा काही टोमॅटोचा जन्मजात हक्क नाही.

पुढचे दोन महिने आम्ही शनिवारच्या शेतकरी बाजारातून हे पट्ट्यांचे टोमॅटो आणत होतो. भाव ऐकून मी मनातल्या मनात कॅरेटचा हिशोब केला आणि गप्प बसलो. हिने प्रयोग मांडले. पहिला फसला: ग्रीन झेब्राचं सार. उकळी आली तसा तो पाचूचा रंग गेला आणि पातेल्यात शेवाळी पाणी उरलं. आंबट रसात उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मळतो. हे मी दहावीला शिकवलेलं नसलं तरी मला कळायला हवं होतं. चव चांगली होती, पण नातवाने तोंड फिरवलं. त्याला मी रागावलो नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

हे टोमॅटो न शिजवता खाण्याचे. दाण्याचं कूट, किंचित साखर आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी घातलेली दोन रंगांची कोशिंबीर तर अशी झाली, की फोडणी घालायच्या आधी हिने तिचा फोटो काढून नारायणगावला पाठवला. भेळेत कैरीच्या जागी ग्रीन झेब्रा बारीक चिरून घातला. तिकडे कैरी शोधत बसण्यापेक्षा हे बरं, आणि खरं सांगायचं तर कैरीपेक्षा रसाळ. ठेचा मात्र मी केला. ग्रीन झेब्रा अर्धवट भाजला की त्याचा रंग पूर्ण जात नाही. तव्यावर हिरवी मिरची, लसूण आणि हिरव्या टोमॅटोच्या जाड फोडी तेलावर चटका देऊन खलबत्त्यात कुटल्या. भाकरीबरोबर जावयाने दोनदा मागून घेतला.

हे टोमॅटो घेताना एक अडचण येते. पिकलं की नाही, हे रंगावरून कळत नाही. पट्टे जरा अंबरी झाले की समजायचं म्हणतात, पण खात्री होते ती बोटाने. हलकेच दाबायचं. किंचित दबलं की झालं. पहिल्या आठवड्यात मी बाजारात हात मागे बांधून उभा असे, हीच दाबून निवडायची. फळ डोळ्यांनी पारखायची सवय बोटांत उतरवायला मला सप्टेंबर उजाडला.

उपटलेली झाडं मी त्याच दिवशी दुपारी परत लावून पाहिली होती. जगणं शक्य नव्हतंच, एवढ्या फळांच्या ओझ्याने ती मानच टाकून बसली. मग टोमॅटो करणाऱ्याला माहीत असलेली एक युक्ती केली. पानाच्या बगलेत जे फुटवे येतात, जे एरवी आपण खुडून फेकतो, त्यांतले चार ताजे फुटवे काढले, पाण्याच्या पेल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. दहाव्या दिवशी पांढरी मुळं दिसली. दोन मेले, दोन वाफ्यात लागले, दोन्ही ग्रीन झेब्राचेच. उशीर झाला होता, तरी ऑक्टोबरात आम्ही निघालो तेव्हा त्यांना चार फळं धरलेली होती, लिंबाएवढी.

बी आणण्याचा मोह झाला होता, लपवायचं कशाला. सरळ वाण आहे, बी धरता येतं. एका टोमॅटोचं बी धुऊन कागदावर वाळवून घडीही घातली होती. पण दुसऱ्या देशातून परवान्याशिवाय बी आणणं म्हणजे त्याच्यासोबत काय येईल याचा भरवसा नाही, आणि तिरंग्याचं वर्ष मी पाहिलं आहे. घडी मुलीच्या हातात दिली. विषाणूची भीती गेली नाही माझी. जायला नकोच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी इथे नव्या लागवडीसाठी बांबू मोजत असताना, मुलीचा फोटो आला. तळहातावर एक हिरवा टोमॅटो, पट्टे अगदी फिके. खाली लिहिलेलं, “आप्पा, पिकलाय का?”

मी फोटो मोठा करून पाहिला. उन्हात नेऊन पाहिला. मग लिहिलं, “फोटोवरून मला नाही कळणार. दाबून बघ.”